एक वार, दोन वार, तीन वार

'वार' या शब्दाला मराठीत अर्थ बरेच आहेत. एक कॅलेंडरातला, एक मोजणीतला आणि एक तलवारीचा. जुन्या मोटारींच्या लिलावात हे तिन्ही अर्थ एकाच दुपारी भेटतात. जाहिरातीत वार रविवार असतो. माइकवाला 'एक वार, दोन वार' म्हणत असतो. आणि तिसरा जो वार बसतो, तो विकणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर एकदमच बसतो. असा दुधारी वार करणारी माणसे शिवकाळानंतर संपली असे इतिहासकार म्हणतात. इतिहासकार मोटारींच्या लिलावाला जात नसावेत.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकतो. माझे भांडण लिलावाशी नाही. ससून डॉकला पहाटे मासळीचा लिलाव मी पाहिला आहे. पाच मिनिटांत टोपली येते, बोली होते, टोपली जाते. पापलेट मेलेले आहे हे सगळ्यांना दिसत असते; 'किरकोळ दुरुस्तीनंतर पोहू लागेल' असे कोणी सांगत नाही. माझे भांडण जुन्या मोटारींशीही नाही. ज्या गाडीत आपण लहानपणी मागच्या सीटवर चार भावंडांच्या मांडीवर बसून महाबळेश्वरला गेलो आणि पसरणी घाटात ओकलो, तिच्याशी भांडण कसले? माझे भांडण आहे ते या दोहोंच्या लग्नाशी. म्हणजे जुन्या मोटारींचे लिलाव हल्ली ज्या गबाळेपणाने लावले जातात, त्याच्याशी.

मी स्वतः मोटारवेडा नाही. पण माणसाला वेड स्वतःलाच असावे लागते असे नाही, एक स्नेही पुरतो. आमच्या या स्नेह्यांना सायलेन्सरच्या आवाजावरून गाडीचे साल कळते. पत्रिका पाहावी तसे ते चासी नंबर पाहतात. त्यांच्याबरोबर सोबत म्हणून मी असे चार-पाच लिलाव पाहिले, आणि एकदा माझ्या आत्याबरोबर विकणाऱ्याच्या बाजूनेही पाहिला. तेव्हा दोन्ही पक्षांकडची पंगत जेवलेला माणूस या अधिकाराने बोलतो आहे.

सुरुवात होते माहितीपुस्तिकेपासून. स्थळांच्या जाहिराती वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ही भाषा अवघड नाही. मुलीबद्दल 'गृहकृत्यदक्ष' असे छापले की पुढचे आपण ओळखतो. तसेच इथे. 'किरकोळ काम आवश्यक' म्हणजे इंजिन नाही. 'मूळ रंगात' म्हणजे धुतलेली नाही. 'एकहाती वापर' म्हणजे दुसऱ्या हाताने ढकलावी लागते. 'बराच काळ उभी' म्हणजे आत मांजर व्यालेले आहे. 'दुर्मिळ' म्हणजे सुटे भाग मिळत नाहीत. 'अतिदुर्मिळ' म्हणजे आहेत ते सुटे भागही मिळत नाहीत. आणि 'कागदपत्रे प्रक्रियेत' याचा अर्थ लावायला काशीहून पंडित आणावे लागतील.

हे हसण्यावारी नेता आले असते, पण कागदपत्रे ही जुन्या मोटारीची अर्धी किंमत असते. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५ हजार. नियम चांगला आहे. पण नोंदणीला जाताना हातात काहीतरी कागद लागतो. इंजिनावरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर यांची गाठ पडावी लागते. ती पडते की नाही हे बघायचे काम लिलाव लावणाऱ्याचे. बॉनेट उघडा, फडक्याने पुसा, नंबर वाचा आणि लिहा. दहा मिनिटांचे काम. पण मी पाहिलेल्या एका लिलावात पुस्तिकेतला इंजिन नंबर मोजून बारा मोटारींना एकच होता. छापणाऱ्याकडून चूक झाली म्हणाले. बाराही गाड्यांचे बॉनेट उघडू द्यायला मात्र 'वरून परवानगी नाही'. 'वर' म्हणजे कुठे, असे विचारल्यावर त्या पोऱ्याने मंडपाच्या छताकडे पाहिले.

गाड्या दोरीच्या पलीकडे. दोरीला हात लावायचा नाही. आमचे स्नेही रुमालात लोहचुंबक गुंडाळून नेतात. पत्र्याला लावला की चिकटतो. आत गंजून भोक पडले असेल आणि वर लांबी भरून रंग मारला असेल, तर घरंगळतो. साधी, शास्त्रीय, कोणाचेही वाकडे न करणारी परीक्षा. त्यांनी दोरीवरून हात लांब करून एका मडगार्डला चुंबक लावला. तो थेट जमिनीवर. दुसऱ्या जागी लावला, पुन्हा जमिनीवर. तिसऱ्या खेपेला एक सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, "साहेब, गाडीला हात लावू नका, रंग ओला आहे."

गाडी १९४८ सालची होती. रंग शनिवारचा.

यावर 'लिलाव म्हणजे असाच असतो' असे सांगणारे लोक भेटतात. 'जशी आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विक्री आहे, असे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेले असते ना, मग झाले तर! पण माझे म्हणणे असे, की जशी आहे तशी विका, पण मग जशी आहे तशी दाखवाही. वधूला पडद्याआड बसवायचे आणि वर 'पसंत करून घेतली होती' म्हणायचे, हा काळ लग्नांतूनसुद्धा गेला. मोटारींच्या लिलावात अजून आंतरपाट धरूनच मुलगी बघायची आहे.

आता प्रत्यक्ष बोली. वेळ अकराची. सव्वा वाजेपर्यंत 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' चाललेले असते. मग पाहुण्यांचे सत्कार, शाल, श्रीफळ. मग ज्यांनी शाली दिल्या त्यांचे सत्कार. अखेर बोली सुरू होते आणि तीत एक गृहस्थ हटकून असतात, ज्यांना मी अजून पाहिलेले नाही.

हे गृहस्थ नेहमी 'मागे' असतात. "सव्वादोन लाख... मागून अडीच! अडीच लाख मागून!" आमच्या स्नेह्यांनी पावणेतीन म्हटले. "मागून तीन!" मी मागे वळून पाहिले. मागे एक कडुनिंबाचे झाड होते आणि झाडाखाली केटररचा माणूस पातेले घासत होता. त्याला मोटार घ्यायची असेलही, माणसाच्या हौसेचे सांगता येत नाही. पण त्याने तोंड उघडलेले नव्हते, आणि झाडाने तर नव्हतेच. तरी बोली सव्वातीनवर गेली. विलायतेत याला झुंबराची बोली म्हणतात. समोर कोणी नसले की पुकारणारा छताच्या झुंबराकडे बघून आकडा वाढवतो. आपल्याकडे लिलाव लॉनवर असल्यामुळे झुंबराचे काम कडुनिंब करतो. स्वदेशी म्हणून अभिमान वाटायला हरकत नाही.

पण कायद्याला या झाडाचा अभिमान नाही. मालविक्री अधिनियम, १९३० याचे कलम ६४ हे खास लिलावासाठी लिहिलेले आहे आणि ते मोठे वाचनीय आहे. हातोडी पडली की सौदा पुरा. तोवर कोणालाही आपली बोली मागे घेता येते. विकणाऱ्याला स्वतः बोली लावायची असेल तर तसे आधी उघड सांगायचे. न सांगता त्याने बोली लावली किंवा लावून घेतली, तर घेणारा त्या विक्रीला कपट म्हणू शकतो. आणि किंमत चढवण्यासाठी खोट्या बोलीचे सोंग केले, तर घेणाऱ्याच्या मर्जीनुसार सौदा रद्द होऊ शकतो. शंभरीला टेकलेला कायदा आहे. म्हणजे मंडपातल्या बहुतेक मोटारींपेक्षा जुना, पण अजून चालू स्थितीत. फक्त तो कोणी चालवत नाही.

'आपल्या लोकांना जमतच नाही हो, हे साहेबालाच जमते,' असे म्हणणारे एक काका अशा वेळी शेजारच्या खुर्चीत असतातच. त्यांच्या माहितीसाठी साहेबाची एक गोष्ट. ऑगस्ट २०१९, कॅलिफोर्नियातले मॉन्टेरे. आरएम सदबीज ही या धंद्यातली बडी पेढी. गाडी १९३९ सालची, फर्डिनांड पोर्श यांनी बर्लिन ते रोम शर्यतीसाठी घडवलेली 'टाइप ६४'. युद्ध आले आणि ती शर्यत झालीच नाही. पुकारणाऱ्याने बोली सुरू केली ती म्हणे 'थर्टीन मिलियन'ला. पडद्यावर लागले 'थर्टी'. मग आकडे भराभर चढले. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर मिलियन डॉलर! सभागृह टाळ्या वाजवते आहे, लोक उभे राहून फोनवर चित्रे घेताहेत, आणि पुकारणारे सद्गृहस्थ शांतपणे सांगतात की पडद्यावरचा आकडा चुकला, मी म्हणतोय ते 'सेव्हन्टीन'. सतरा आणि सत्तर! सभागृहाने हुर्यो केली. राखीव किंमत आली नाही, गाडी विकली गेली नाही. कलम ६४ आमचे, टाइप ६४ त्यांची. दोन्ही जागच्या जागी.

पण या गोष्टीतून काकांनी भलताच बोध घेऊ नये. साहेबालाही जमते, जेव्हा जमवायचे मनात असते तेव्हा. मे २०२२ मध्ये स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात १९५५ सालची '३०० एसएलआर उलेनहाउट कूपे' विकली गेली, ती १३ कोटी ५० लाख युरोंना. जगात अशा गाड्या दोनच. बोलीला बोलावले होते ते निवडक लोकांना, आणि आलेले पैसे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवायचे हे ठरलेले. कुठे झाड नाही, झुंबर नाही. तेव्हा प्रश्न साहेबाचा आणि देशी माणसाचा नाही. प्रश्न फडक्याने नंबर पुसून बघण्याचा आहे.

इतके ऐकून पुष्कळ वाचक म्हणतील, की श्रीमंतांच्या हौशी आहेत, त्यांचे पैसे बुडाले तर आपल्या खिशाला काय तोशीस? हा मुद्दा मलाही पटला असता. पण माझी आत्या श्रीमंत नाही.

आत्याकडे होती ती १९५७ सालची फियाट अकराशे. पुढची दारे उलटी उघडणारी, जिला सगळा महाराष्ट्र प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतो. (प्रेम दाखवायच्या आपल्या तऱ्हा जगावेगळ्या आहेत.) कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आलेली. काकांनी ती नोकरीतल्या पहिल्या बढतीनंतर एका डॉक्टरांकडून घेतली आणि रोज सकाळी तिला पुसली. काका गेले. आत्याने चार वर्षे ती तशीच पुसली. मग गुडघे दुखायला लागले. तिला पैसा मिळावा असे वाटत होते, नाही असे नाही. पण तिची खरी अट दुसरीच होती. "अरे, घेणाऱ्याने ती चालवली पाहिजे. भंगारवाल्याला द्यायची असती तर तो दारावर येतोच आहे की."

म्हणून लिलाव. 'कागदांचे आम्ही बघतो' असे लिलाववाल्यांनी सांगितले. आरसी बुक काकांच्याच नावावर होते, तेही 'आम्ही बघतो'. राखीव किंमत दोन लाख, ती त्यांच्या माणसाने एका चिठ्ठीवर लिहून घेतली. आत्याचा क्रमांक लागला एकतीसावा. एकतीसावा म्हणजे चारच्या पुढे, असा हिशेब सांगण्यात आला.

आता हा हिशेब कसा फिरला ते पाहा. दोन वाजता पावभाजीचा घमघमाट सुटला आणि सगळी मंडळी उठली. बारावी गाडी स्टेजसमोर आणायची होती, ती सुरू होईना. एकतीसावी मात्र सुरू झाली, कारण ती पुसलेली होती. तेव्हा वेळ फुकट जाऊ नये म्हणून तीच आणली. खुर्च्यांत माणसे मोजून सात. आमचे स्नेही, ज्यांनी या गाडीसाठी अडीच लाखांची तयारी ठेवली होती, ते पावभाजीच्या रांगेत दहावे. त्यांच्या पुढचा माणूस जादा बटर मागत होता. "एक वार, दोन वार" होऊन हातोडी पडली बासष्ट हजारांना. राखीव किंमत? ती चिठ्ठी ज्याच्या खिशात होती, तो माणूस बारावी गाडी ढकलायला गेला होता. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदाच 'मागून' कोणी बोलले नाही. आत्याच्या वेळेला कडुनिंबसुद्धा जेवायला गेला होता.

आत्या त्यांच्या टेबलाशी गेली. "अहो, दोन लाखांच्या खाली द्यायची नाही असे ठरले होते ना आपले?"

"आजी, हातोडी पडली की सौदा पुरा. कायदाच आहे तसा."

कलम ६४ मधले तेवढे एक वाक्य मात्र त्यांना तोंडपाठ होते.

बासष्ट हजारांतून मग प्रवेश शुल्क, छायाचित्र शुल्क, वाहतूक, मंडपभाडे आणि दलाली वजा झाली. घेणाऱ्याकडूनही बोलीवर वेगळी दलाली घेतली गेली. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन्हीकडचे उपरणे घेतो, हे मला मान्य आहे. पण तो निदान मुहूर्ताला हजर असतो. उरलेल्या रकमेचा चेक पाच महिन्यांनी आला. आणि सातव्या महिन्यात आले वाहतूक शाखेचे पत्र, कैलासवासी काकांच्या नावे. त्यांनी नो एन्ट्रीत गाडी घातली होती. 'कागदांचे आम्ही बघतो' याचा अर्थ 'नुसते बघतो' असा होता, हे तेव्हा उलगडले. आता स्वर्गात समन्स कोणी बजावायचे, यावर दोन कचेऱ्यांमध्ये पत्रव्यवहार चालू आहे. हेलपाटे आत्या घालते आहे, दुखऱ्या गुडघ्यांनी.

ते पत्र घेऊन मी तावातावाने आत्याकडे गेलो होतो. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "म्हणजे अजून चालतेय तर!"

माझ्या रागाला तिने अशी सूट दिली असली तरी मी ती लिलाववाल्यांना देणार नाही. त्या बाईने विश्वासाने एक वस्तू आणून दिली होती. तिची किंमत आमच्या स्नेह्यांना ठाऊक होती आणि ते पन्नास पावलांवर उभे होते. देणारा आणि घेणारा या दोघांची भेट घडवणे एवढे एकच काम ज्याचे, त्याने तेवढेच केले नाही, आणि मजुरी मात्र दोघांकडून घेतली. लबाडी म्हणा की ढिसाळपणा, दोन्हींची पावती सारखीच फाटते.

आपल्याकडे याहून सुधारलेला लिलाव कशाचा होतो, सांगू? कांद्याचा. एके काळी बाजारात सौदे रुमालाखाली बोटे दाबून होत. व्यापारी आणि आडत्या यांची बोटे काय बोलली ते शेतकऱ्याला कळत नसे. मग १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला, उघड बोली आली. २०१६ साली तर फळे, भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. लासलगावचा शेतकरी मला चपलेने मारील. पण निदान भांडायला नियम आहे, समिती आहे, आणि कांदा हातात घेऊन दाबून बघता येतो. काल निघालेल्या कांद्याला जे मिळते, ते सहासष्ट वर्षे रोज पुसलेल्या मोटारीला मिळू नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. लिलावाच्या आदला दिवस पाहणीसाठी ठेवा आणि बॉनेट उघडे ठेवा, चुंबकवाल्यांना चहा द्या. इंजिन आणि चासी नंबर स्वतः वाचून छापा. कागद पुरे नसतील तर गाडी लिलावात घेऊ नका. राखीव किंमत पुकारणाऱ्याच्या हातात लेखी द्या, ढकलणाऱ्याच्या खिशात नको. क्रमांक छापला त्याच क्रमाने गाडी आणा, पावभाजी थांबू शकते. बोली लावणाऱ्याच्या हातात पाटी द्या, म्हणजे झाडाला पाटी धरता येते का ते कळेल. पैसे आठवड्यात द्या आणि गाडी नव्या मालकाच्या नावावर झाल्याशिवाय स्वतःची दलाली घेऊ नका. या शेवटच्या एका अटीने बाकीच्या सगळ्या आपोआप पाळल्या जातील, असा मला दाट संशय आहे.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. लोकांनी हळहळ व्यक्त केली, वर्तमानपत्रांनी लेख छापले. हळहळ फुकट असते, म्हणून आपण ती भरपूर करतो. जी गाडी अजून चालते, ती पुसणाऱ्या हातांतून चालवणाऱ्या हातांत नीट पोहोचवणे याला मात्र थोडे कष्ट पडतात. ते कष्ट घ्यायचे नसतील तर लिलाववाल्यांनी तसे छापावे, 'जसे आहोत, जेथे आहोत' या तत्त्वावर. आणि हातोडी त्या कडुनिंबाला द्यावी. तो जागेवर तरी असतो, सावली देतो, आणि दोन्ही पक्षांकडून दलाली घेत नाही.